फॅक्टरिंग व पुरवठा साखळी वित्त : पुण्याच्या उद्योगपट्ट्यातील खेळते भांडवल

उधारीवर माल दिल्यानंतर गिऱ्हाइकाकडून येणे असलेली रक्कम मुदतीआधीच, थोडी कसर सोडून, तिसऱ्या पक्षाकडून मिळवण्याच्या व्यवहाराला फॅक्टरिंग म्हणतात. हे येणे विकत घेणारी बँक किंवा वित्तसंस्था म्हणजे फॅक्टर. हाच व्यवहार एखाद्या मोठ्या खरेदीदाराने पुढाकार घेऊन आपल्या सगळ्या पुरवठादारांसाठी उभा केला आणि पैसे देणाऱ्याने त्या खरेदीदाराची पत पाहून दर ठरवला, तर त्याला पुरवठा साखळी वित्त किंवा उलटे फॅक्टरिंग म्हणतात. दोन्हींत तारण असते ते बिल. जमीन, घर किंवा मशीन गहाण टाकावे लागत नाही. लहान कारखानदाराच्या दृष्टीने या व्यवहाराचे खरे मोल यातच आहे.

शब्द व परंपरा : ‘फॅक्टर’ या शब्दाचा युरोपातला जुना अर्थ अडत्या. पुणेकराला हे समजायला गुलटेकडीच्या मार्केट यार्डापलीकडे जावे लागत नाही. शेतकऱ्याचा कांदा अडत्या विकतो, शेतकऱ्याच्या हातात पट्टी आणि पैसे ठेवतो आणि व्यापाऱ्याकडची वसुली नंतर स्वतः करतो. व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर तो फटका अडत्याला बसतो. आजच्या भाषेत हे ‘विनापरतफेड’ फॅक्टरिंगच झाले. पेशवाईतल्या पुण्यात सावकारांच्या पेढ्यांवर हुंड्या वटत. मुदती हुंडीचे पैसे आधी हवे असतील तर सावकार वटाव कापून घेई. वटणावळ, हुंडणावळ हे शब्द त्याच व्यवहारातले आहेत. बिल ‘डिस्काउंट करणे’ म्हणजे बिल वटवणेच.

पैसा अडतो कुठे : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर पिंपरी, भोसरी, पुढे रांजणगाव, चाकण, तळेगाव असा पट्टा वाढत गेला. मोठ्या वाहन कंपन्यांभोवती टर्निंग, मिलिंग, कास्टिंग, फोर्जिंग, प्रेस पार्ट, प्लेटिंग करणाऱ्या लहान युनिटांचे जाळे विणले गेले. या युनिटांकडे काम असते, कारागीर असतात, मशीनही असते. हातात नसतो तो स्वतःच कमावलेला पैसा.

उदाहरणादाखल भोसरीतल्या एका सीएनसी शॉपचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचा, हिशेब मांडू. महिन्याची विक्री २० लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिले २३ लाख ६० हजारांची. क्रेडिट ९० दिवसांचे. कोणत्याही दिवशी पाहिले तर या शॉपचे ७० लाख ८० हजार रुपये गिऱ्हाइकांकडे पडून आहेत. दुसरीकडे स्टीलवाला रोख मागतो, फार तर ३० दिवस थांबतो. पगार ७ तारखेपर्यंत व्हायला हवेत. वीजबिल थांबत नाही, आणि गिऱ्हाइकाकडून रुपयाही आलेला नसताना जीएसटी पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. आता विक्री ३० लाखांवर गेली, म्हणजे सगळ्यांनी पेढे वाटावेत अशी गोष्ट झाली, तर अडकलेली रक्कम १ कोटी ६ लाखांवर जाते. काम वाढले की तंगीही वाढते. बंद पडलेल्या कितीतरी युनिटांची ऑर्डर बुक शेवटच्या दिवशीही भरलेली असते, ती यामुळेच.

बँकेचे कॅश क्रेडिट, ज्याला सगळे ‘सीसी’ म्हणतात, इथे पुरे पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या शिफारशीनुसार लहान उद्योगाला खेळत्या भांडवलाची मर्यादा अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के धरली जाते. वरच्या शॉपला ती ४८ लाख बसते आणि अडकलेले आहेत ७० लाखांहून जास्त. शिवाय बँकेला दर महिन्याला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे माल व येण्यांच्या पत्रकात, ९० दिवसांवरचे येणे बँका सहसा मोजत नाहीत. गिऱ्हाईक जितके उशीर करेल तितकी सीसीतून उचलता येणारी रक्कमही घटते. एका दुखण्याचे असे दोन घाव होतात.

व्यवहार कसा चालतो : साध्या फॅक्टरिंगमध्ये युनिट आपली बिले फॅक्टरच्या नावे करते, खरेदीदाराला तशी लेखी सूचना जाते आणि फॅक्टर बिलाच्या साधारण ८० टक्के रक्कम लगेच देतो. उरलेली रक्कम वसुली झाल्यावर, व्याज आणि सेवाशुल्क वजा करून मिळते. २० टक्के मागे ठेवण्याचे कारण पुण्यातल्या कोणत्याही वेंडरला, म्हणजे पुरवठादाराला, सांगावे लागत नाही. महिन्या-दीड महिन्याने रिजेक्शनची, म्हणजे नाकारलेल्या मालाची रक्कम कापणारी, डेबिट नोट येते आणि १० लाखांचे बिल साडेनऊ लाखांचे होऊन बसते.

करार ‘परतफेडीसह’ असेल तर खरेदीदाराने पैसे न दिल्यास फॅक्टर युनिटकडून वसूल करतो. अशा वेळी हा व्यवहार नावाने विक्री असला तरी स्वभावाने कर्जच असतो. ‘विनापरतफेड’ करारात खरेदीदार दिवाळखोर झाल्याचा धोका फॅक्टर उचलतो. सही करण्याआधी करारातले हे एक कलम नीट वाचावे. दर अर्ध्या टक्क्याने कमी मिळवण्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचे आहे.

दराचा फरकही किरकोळ नाही. १० लाखांचे बिल ९० दिवसांसाठी वार्षिक ९ टक्क्यांनी वटवले तर सुमारे २२,२०० रुपये जातात. तीच रक्कम खासगीत महिना २ टक्क्यांनी उचलली तर तीन महिन्यांचे ६०,००० होतात. लहान युनिटाला स्वतःच्या नावावर ९ टक्क्यांचा दर मिळणे अवघड असते. मोठ्या कंपनीने ‘हे बिल मला मान्य आहे’ असे म्हटले की धोका त्या कंपनीचा धरला जातो आणि दर उतरतो. पुरवठा साखळी वित्ताचा सगळा डोलारा या एका होकारावर उभा आहे. मेक्सिकोत नॅशिओनाल फिनान्सिएरा या विकास बँकेने २००१ मध्ये याच तत्त्वावर उभी केलेली योजना जगभर अभ्यासली गेली.

कायदा व ट्रेड्स : भारतात कल्याणसुंदरम समितीच्या शिफारशींनंतर १९९१ मध्ये स्टेट बँक आणि कॅनरा बँक यांच्या फॅक्टरिंग कंपन्या सुरू झाल्या. मात्र वीस वर्षे हा व्यवसाय स्वतंत्र कायद्याविना चालला. फॅक्टरिंग नियमन कायदा २०११ चा. २०२१ च्या दुरुस्तीने बिगर-बँक वित्तीय कंपन्यांसाठी दार मोठे झाले. येण्याचे हस्तांतरण केंद्रीय नोंदणी यंत्रणेत नोंदवले जाते. त्यामुळे एकच बिल दोन ठिकाणी वटवण्याच्या लबाडीला आळा बसतो.

आज लहान उद्योगासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ट्रेड्स, अर्थात व्यापारी येणी वटवण्याचे इलेक्ट्रॉनिक व्यासपीठ. रिझर्व्ह बँकेने त्याची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०१४ मध्ये दिली आणि २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज व इन्व्हॉइसमार्ट ही तीन व्यासपीठे सुरू झाली. युनिट बिल चढवते, खरेदीदार ते मान्य करतो, बँका आणि वित्तसंस्था बोली लावतात, युनिट परवडेल ती बोली निवडते आणि पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. मुदत भरल्यावर रक्कम खरेदीदाराच्या खात्यातून आपोआप वळती होते. व्यवहार विनापरतफेड असतो. खरेदीदार चुकला तरी युनिटाच्या दारात कोणी येत नाही. ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी २०१८ मध्ये सक्तीची झाली. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ही मर्यादा २५० कोटींवर आली. पण सक्ती आहे ती नोंदणीची. प्रत्येक बिल तिथे मान्य केलेच पाहिजे असे कलम नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

याच्या शेजारी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ उभा आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. म्हणजे वरच्या उदाहरणातले ९० दिवस या कायद्यात बसतच नाहीत. तरी ते चालतात, कारण व्याज मागणाऱ्या वेंडरला पुढच्या महिन्याच्या शेड्यूलमध्ये आपला पार्ट कमी झालेला परवडत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ४३ब(एच) या कलमाने आकारणी वर्ष २०२४-२५ पासून वेगळी मेख मारली आहे. या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. इथे वेंडरला भांडावे लागत नाही, खरेदीदाराचा चार्टर्ड अकाउंटंटच त्याला आठवण करून देतो.

वटणावळ कोणी सोसायची हा खरा वादाचा मुद्दा आहे. बहुतेक योजनांत ती पुरवठादाराच्या माथी येते. कायद्याच्या ४५ दिवसांपलीकडची मुदत खरेदीदाराला हवी असेल, तर त्या दिवसांचे व्याज त्यानेच भरणे न्याय्य आहे. ट्रेड्सवर तशी सोय आहे, ती वापरण्याची इच्छा हवी.

गेटवरचा अडथळा : बिल मान्य झाल्याशिवाय यातले काहीच सुरू होत नाही, आणि पुण्यात घोडे अडते ते इथेच. चाकणच्या एखाद्या मटेरियल गेटवर सकाळी छोटा हत्ती टेम्पो लागतो. ड्रायव्हर चलनावर इनवर्डचा शिक्का घेतो, माल आत जातो आणि दुसऱ्या दिवशी लाइनवर लागतोही. पण इन्स्पेक्शन रिपोर्टवर एक सही राहिलेली असते, किंवा स्टीलचे भाव वाढल्यावर कबूल झालेला नवा दर पीओमध्ये, म्हणजे खरेदी आदेशात, चढलेला नसतो. दराची दुरुस्ती होत नाही तोवर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, निघत नाही, जीआरएन नाही तोवर बिल बुक होत नाही, आणि क्रेडिटचे दिवस मोजले जातात ते जीआरएनपासून. वेंडरचा मुलगा दुचाकीवर फाइल घेऊन स्टोअर, क्वालिटी आणि अकाउंट्स अशा तीन टेबलांवर फिरतो. यात वीस दिवस सहज जातात. त्या वीस दिवसांवर कोणतीही बँक बोली लावत नाही.

माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असे कायदा मानतो. व्यासपीठावर मात्र अकाउंट्समधल्या माणसाचे बोट बटणावर पडावेच लागते. म्हणून अनुभवी वेंडर व्याजदराची चौकशी नंतर करतात. आधी पीओवरचा दर, पार्ट नंबर आणि ई-इनव्हॉइस अक्षर न अक्षर जुळते का ते पाहतात.

आणखी एक गाठ असते सीसी देणाऱ्या बँकेची. तिचा बोजा बहुधा सगळ्या येण्यांवर असतो. तीच येणी फॅक्टरला द्यायची तर बँकेचे ना हरकत पत्र लागते, आणि मिळणारे पैसे बँक सांगेल त्या खात्यात जमा करावे लागतात. हे पत्र हातात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एखादा हंगाम निघून जातो.

धोके : मोठ्या कंपनीला या सोयीची सवय लागते. वेंडरला पैसे मिळतातच आहेत तर ९० चे १२० दिवस करू, हा मोह खरा आहे. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली, तेव्हा पुरवठादारांच्या अशा देण्यांमागे तिचे कर्ज किती झाकले गेले होते हे उघड झाले. मार्च २०२१ मध्ये ग्रीनसिल ही याच व्यवसायातली कंपनी बुडाली. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन अशा व्यवस्थांची माहिती ताळेबंदासोबतच्या टिपांत देणे बंधनकारक झाले.

शेवटच्या पायरीपर्यंतचा प्रश्न : कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, तसे इथेही होते. चाकणच्या कंपनीला थेट माल देणारा पहिल्या पायरीवरचा पुरवठादार ट्रेड्सवर बिल वटवून मोकळा होतो. त्याच्याकडून जॉबवर्क घेणारे भोसरीतले शॉप दुसऱ्या पायरीवर, आणि त्या शॉपचे ग्राइंडिंग किंवा प्लेटिंग करणारा तळवड्यातला एका गाळ्याचा मालक तिसऱ्या पायरीवर. या मालकाचे गिऱ्हाईक म्हणजे भोसरीतले शॉप. त्याची उलाढाल २५० कोटींच्या जवळपासही नाही, त्यामुळे नोंदणीची सक्ती नाही, आणि त्याच्या होकाराला बँकेच्या लेखी फारशी किंमतही नाही. गाळ्याच्या मालकाकडे उद्यम नोंदणी असते. बिल मात्र अनेकदा वहीतले असते आणि वसुली गुरुवारच्या सुट्टीत प्रत्यक्ष जाऊन करावी लागते. मोठ्या कंपनीच्या ऑर्डरचा धागा तिसऱ्या पायरीपर्यंत नोंदवून तिच्या पतक्षमतेचा आधार खालच्या युनिटालाही देता येतो, आणि त्याला खोलवरचे साखळी वित्त म्हणतात. पण त्यासाठी प्रत्येक पायरीवर माल मिळाल्याची नोंद त्याच दिवशी व्हावी लागते. आजतरी ती नोंद बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीपाशी थांबते.