बात्वा आणि पिग्मी समाजांचे हक्क

मध्य आफ्रिकेच्या विषुववृत्तीय जंगलांत शिकार, मध आणि कंदमुळांवर जगत आलेल्या अनेक लहान चणीच्या समाजांना बाहेरच्या लोकांनी ‘पिग्मी’ हे सरसकट नाव दिले. कॅमेरूनमधील बाका, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील आका, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या इतुरी जंगलातील म्बुटी आणि मोठ्या सरोवरांच्या प्रदेशातील त्वा किंवा बात्वा हे त्यांपैकी प्रमुख. त्यांची एकूण संख्या 9 लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. पुरुषांची सरासरी उंची जेमतेम दीड मीटर. युरोप-अमेरिकेला या उंचीचेच कुतूहल इतके, की काँगोतून नेलेल्या ओटा बेंगा या तरुणाला 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यात ठेवून लोकांना दाखवण्यात आले. पुढे 1916 मध्ये त्याने आत्महत्या केली. या समाजांचे आजचे भांडण मात्र जमिनीचे आहे, आणि ते सर्वांत उघडपणे दिसते युगांडातील बात्वांच्या बाबतीत.

रवांडा आणि काँगोच्या सीमेला लागून, युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्विंडी, म्गाहिंगा आणि एचुया ही डोंगरी जंगले आहेत. तिथे राहणाऱ्या बात्वांची संख्या 6 हजारांच्या घरात. त्यांची वेगळी भाषा आज उरलेली नाही. शेजारच्या बाकिगा आणि बाफुंबिरा शेतकऱ्यांच्याच भाषा ते बोलतात. मध, मांस, कातडी असा रानातला माल त्यांनी खाली आणायचा आणि बदल्यात धान्य, मडकी, लोखंडाची पाती न्यायची, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. व्यवहार होता, बरोबरी नव्हती. बात्वांच्या हातचे खायचे नाही, त्यांच्यासोबत एका भांड्यातून प्यायचे नाही, हा रिवाज युगांडा, रवांडा, बुरुंडी या तिन्ही देशांत नोंदला गेला आहे. महाराष्ट्रातील वाचकाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

या जंगलांवर सरकारी शिक्का ब्रिटिश अमदानीतच, 1930 च्या दशकात, बसला. तरी बात्वांचे आतले येणे-जाणे चालू राहिले. 1991 मध्ये ब्विंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्याने झाली, ती मुख्यतः पर्वतीय गोरिलांसाठी, आणि बात्वांना बाहेर काढण्यात आले. मध काढायला आत शिरणे हाही गुन्हा ठरला. भरपाईचा हिशेब तर उफराटाच झाला. रान तोडून शेते केलेल्यांच्या हाती थोडीफार रक्कम पडली, कारण शेत दिसते, मोजता येते. ज्यांनी रान तोडले नाही त्या बात्वांकडे वहिवाट दाखवायला काहीच नव्हते. त्यांचे पोळ्यांचे झाड, सापळ्याची वाट, पूर्वजांच्या पूजेची जागा कोणत्याही नकाशावर नव्हती. मेळघाटातील गावे हलवताना निदान कुटुंबामागे 10 लाखांचा आकडा कागदावर होता (तो किती नीट पोचला, हा वेगळा वाद). इथे बहुतेकांना तेवढाही कागद मिळाला नाही. काहींसाठी पुढे एका संवर्धन न्यासाने आणि चर्चसंस्थांनी जमिनीचे तुकडे घेतले. बाकीचे शेतकऱ्यांच्या बांधावर झोपड्या घालून त्यांच्याच शेतात मजुरी करू लागले. मालकाने ऊठ म्हटले की उठायचे.

गोरिलांचे मात्र भले झाले, हे मान्य करावे लागते. त्यांची संख्या हजारापुढे गेली आणि 2018 मध्ये जागतिक यादीत त्यांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ वर आली. गोरिला पाहण्याचा परवाना परदेशी पर्यटकाला 2024 पासून 800 डॉलरला पडतो. म्गाहिंगात ‘बात्वा ट्रेल’ नावाची सशुल्क भटकंतीही आहे. तीत बात्वा वाटाडे लाकडावर लाकूड घासून आग पेटवून दाखवतात, मधाची पोळी कशी काढायची ते सांगतात, आणि शेवटी गारामा या लाव्हारसाच्या गुहेत अंधारात बायका गाणे म्हणतात. उत्पन्नाचा काही भाग त्यांना मिळतो. पण ज्या रानात राहायची बंदी, तिथेच राहण्याचे प्रात्यक्षिक तिकीट लावून करायचे, ही सोय नेमकी कोणाची, असा प्रश्न पडतोच.

युगांडाच्या 1995 च्या राज्यघटनेत देशातील मूळ समाजांची जी यादी आहे तीत बात्वांचे नाव आहे. अल्पसंख्याकांचे हक्क आणि वंचितांसाठी विशेष तरतुदी यांवर स्वतंत्र कलमेही आहेत. परंपरागत वहिवाटीची जमीनही घटनेला मान्य आहे. मात्र राष्ट्रीय उद्याने सरकारने जनतेच्या वतीने सांभाळायची, असे तीच घटना सांगते. या अडचणीतून वाट काढण्यासाठी बात्वांनी 2011 मध्ये घटना न्यायालयात अर्ज केला. निकाल आला ऑगस्ट 2021 मध्ये: पुरेशी भरपाई न देता हुसकावल्यामुळे हा समाज आपल्याच देशात वंचित आणि परावलंबी झाला, असे न्यायालयाने म्हटले आणि उपाययोजना ठरवण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले.

आसपासच्या देशांनी वेगवेगळे मार्ग धरले. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर वांशिक ओळखीची सरकारी नोंदच बंद झाली. त्वांना ‘इतिहासात मागे राहिलेले लोक’ म्हणतात, पण त्वा म्हणून त्यांची मोजदाद होत नाही. शाळेत त्यांची किती मुले टिकली हे मग सांगणार कोण? बुरुंडीने संसदेच्या दोन्ही सभागृहांत त्वांना प्रत्येकी 3 जागा दिल्या. काँगो प्रजासत्ताकाने 2011 मध्ये मूळनिवासींच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा केला, आफ्रिकेतला असा पहिलाच. त्यात एखाद्याला ‘पिग्मी’ म्हणणे हा अपमानाचा गुन्हा आहे. पलीकडच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने मात्र 2022 च्या आपल्या कायद्याच्या नावातच हा शब्द ठेवला. त्याच देशातील काहुझी-बिएगा उद्यानातून 1970 च्या दशकात काढलेल्या बात्वांचे गाऱ्हाणे आफ्रिकी मानवी हक्क आयोगापुढे गेले होते. 2024 मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात आयोगाने त्यांच्या बाजूने कौल देत जमिनीची मालकी परत करण्याची, भरपाई देण्याची आणि जाहीर माफी मागण्याची शिफारस सरकारला केली.