किमोनोची मापे

किमोनो शिवण्यासाठी अंगावरून घेतलेली मापे आणि त्यांवरून ठरणारी कापडाची मापे. जपानी शिवणकलेत, म्हणजे ‘वासाई’त, या दोहोंत बरेच अंतर असते. पोलक्याच्या शिंप्याला छाती, कंबर, काख, मुंढा असे सगळे लागते. किमोनोच्या कारागिराचे काम मुख्यतः उंची, नितंबांचा घेर आणि ‘युकी’ (मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंतचे अंतर) या तीन मापांवर भागते. कमरेचे माप सहसा कोणी विचारतही नाही. उलट कमरेचा खळगा टॉवेल गुंडाळून भरून काढतात, कारण किमोनोखालचे शरीर जितके नळकांड्यासारखे सरळ, तितका तो चांगला बसतो.

याचे मूळ कापडात आहे. किमोनोचा तागा साधारण ३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचा आणि १२ मीटरच्या आसपास लांबीचा असतो. तो सरळ रेषांत कापून आठ तुकडे होतात : अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पाखांना जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या (ओकुमी), गळपट्टी आणि तिच्यावरचे अस्तरवजा आवरण. गोलाई, चुणी, कळी यांना जवळजवळ जागा नाही. कापड अंगाप्रमाणे घडवायचे नसते, ते अंगावर लावून घ्यायचे असते. मराठीत शिवलेले कपडे आपण घालतो आणि लुगडे नेसतो. किमोनो शिवलेला असूनही नेसायचा आहे, आणि मापांचे सगळे गणित या ‘नेसण्या’वर बसवलेले आहे.

स्त्रीच्या किमोनोची लांबी तिच्या पूर्ण उंचीइतकी धरतात, म्हणजे डोक्यासकट. १५८ सेंमी उंचीच्या बाईचा किमोनोही साधारण तेवढाच. जास्तीचे कापड कमरेशी दुमडून ओबीखाली, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याखाली, घडी घालतात. तिला ‘ओहाशोरी’ म्हणतात. त्यामुळे लांबीत पाचेक सेंमी इकडेतिकडे झाले तरी नेसताना निभावते. पुरुषाला ही सोय नाही. त्याचा किमोनो मानेच्या मणक्यापासून घोट्यापर्यंत नेमका मोजतात. लांबी कुठून मोजायची याचे मात्र दोन प्रघात आहेत, खांद्यावरून किंवा पाठीच्या मध्यातून, आणि दोहोंत काही सेंमींचा फरक पडतो. जुना किमोनो विकत घेताना बहुतेक घोटाळे इथेच होतात.

रुंदी नितंबांच्या घेरावरून काढतात. ९० सेंमी घेरासाठी पाठीचा अर्धा भाग सुमारे २९, पुढचा २३.५ आणि ओकुमी १५ सेंमी. दोन्ही बाजू मिळून १३५ सेंमी होतात, म्हणजे घेराच्या दीडपट. पुढे एक पाखे दुसऱ्यावर पूर्ण चढायला एवढे लागतेच. वजन थोडे वाढले-घटले तर पाखे जरा कमी-जास्त ओढून घ्यायचे, इतकेच.

युकीचे तसे नाही. मान खाली घातल्यावर हाताला लागणारा मणका, तिथून खांद्याच्या टोकावरून मनगटाच्या करंगळीकडच्या हाडापर्यंतचे हे अंतर. हात शरीरापासून सुमारे ४५ अंशांवर तिरपा धरून टेप खांद्यावरून नेतात. हात लोंबता ठेवला किंवा पूर्ण आडवा केला की आकडा बदलतो. खांद्याची रुंदी आणि बाहीची रुंदी यांची बेरीज म्हणजे युकी. ६६ सेंमी हवी असेल तर ३२ आणि ३४ अशी वाटणी करता येते. दोन्ही तुकडे एकेका पन्ह्यातून निघत असल्याने ३६ सेंमीच्या कापडात शिवणी वजा जाता युकी ६८-६९ च्या पुढे जात नाही. लांब हातांच्या माणसाला रुंद पन्ह्याचा तागाच शोधावा लागतो. नेसणारी कितीही तरबेज असो, आखूड युकी तिला लपवता येत नाही. मनगट उघडे पडतेच.

बाहीची खोली मात्र शरीरावरून फारशी ठरत नाही, रिवाजावरून ठरते. नेहमीच्या स्त्री-किमोनोत ती सुमारे ४९ सेंमी, तर अविवाहित मुलींच्या ‘फुरिसोदे’त ११४ सेंमीपर्यंत जाते. ४९ हा विचित्र आकडा शाकु या जुन्या जपानी मापातला आहे : १ शाकु ३ सुन (सुन म्हणजे शाकुचा दहावा भाग). कापडाचा शाकु ३७.८८ सेंमीचा, सुतारकामातल्या ३०.३ सेंमीच्या शाकुहून सव्वापट मोठा. त्याला ‘कुजिराजाकु’, म्हणजे देवमाशाचा शाकु, म्हणतात. पट्टी देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पात्यांची करीत, यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. १९५९ पासून जपानमध्ये व्यवहारात मेट्रिक मापे सक्तीची झाली. १९७० च्या दशकात गीतकार व नभोवाणी-कलाकार एई रोकुसुके यांनी कारागिरांच्या शाकुसाठी उघड मोहीम चालवली. शिवणाऱ्यांच्या तोंडी शाकु आणि सुन आजही आहेत.

जास्तीचे कापड कापून टाकत नाहीत, शिवणीत माया म्हणून दाबून ठेवतात. लहान मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेवर टक घालतात आणि मूल वाढेल तसे ते सोडतात. आपल्याकडच्या ‘वाढत्या अंगाच्या’ कपड्यांचाच हा प्रकार. किमोनो पूर्ण उसवून, तुकडे धुऊन ताणून वाळवण्याची ‘आराइहारी’ नावाची रीत आहे. त्यानंतर तोच किमोनो नव्या मापाने शिवता येतो. आजीच्या किमोनोची आखूड युकी नातीसाठी वाढवताना आधी खांद्याशी बाही जोडलेली शिवण उलटी करून आत माया किती आहे ते पाहतात. असली तरी ती सोडल्यावर जुन्या शिवणीची रेघ उरते आणि तिच्या शेजारी ऊन न लागलेल्या, मूळ रंगाच्या कापडाची बोटभर पट्टी उघडी पडते.