नुसता दीर्घ श्वास घेऊन धडधड का थांबत नाही?

परीक्षेचा हॉल असो, मुलाखत असो की ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक, शेजारचं कुणीतरी सांगतंच, "दीर्घ श्वास घे." सल्ला प्रेमाचा असतो, पण अर्धाच. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात त्याने छाती भरून आणखी दहा-वीस श्वास ओढले, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मग "मला काहीतरी होतंय" या विचाराने घाबरगुंडी आणखी वाढते.

खरं काम होतं ते श्वास सोडताना.

हृदयाची लय ठरवणारा पेशींचा एक पुंजका हृदयातच असतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. तरीही निवांत बसलेल्या माणसाची नाडी साठ ते ऐंशीच्या आसपास असते, कारण मेंदूच्या तळातून निघणारा व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला सतत आवरत असतो. उतारावरून सायकल नेताना आपण ब्रेक हलकासा दाबून ठेवतो, तसंच हे. श्वास आत घेताना हा ब्रेक सैल पडतो आणि ठोके वाढतात. सोडताना तो पुन्हा लागतो आणि ठोके मंदावतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्येच याची नोंद केली होती. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेतला-सोडला तर आपल्यालाही हा फरक जाणवू शकतो; तरुणांना जरा जास्तच स्पष्ट.

हा ब्रेक चालतो रसायनावर. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, त्या हृदयाभोवतीचा द्रव घेतला आणि दुसऱ्या हृदयाला दिला. दुसरं हृदयही मंदावलं! प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असं लोवी सांगत. त्या द्रवात होतं अॅसिटिलकोलिन. लोवींना 1936 चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत विभागून मिळालं. हे रसायन क्षणात काम करतं आणि क्षणात विरूनही जातं, म्हणून एकेका उच्छ्वासाचा परिणाम लगेच दिसतो.

मग किती सावकाश? एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. इटलीतले लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2001 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात 23 जणांकडून लॅटिनमधली 'आवे मारिया' ही प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणवून घेतला होता. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. याचं मला फारसं नवल वाटत नाही. बोलणं आणि गाणं उच्छ्वासावरच चालतं. संथ लयीत हरिपाठ म्हणणाऱ्याचा उच्छ्वास आपोआप लांबतो. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, तेही योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायच्या म्हणूनच.

तेव्हा करायचं ते एवढंच: नाकाने बेताचा श्वास घ्यायचा, चार मोजत, आणि सहा मोजत सोडायचा. पाच मिनिटं पुरे. जोर लावायचा नाही. गरगरलं तर थांबायचं.

पण यातून चमत्काराची अपेक्षा नको. ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरकही वाढतं, आणि त्याची चाल संथ असते. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात 1993 मध्ये बेतलेली एक चाचणी प्रसिद्ध आहे. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करायचं, मग 1022 मधून 13 वजा करत जायचं. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. (नुसतं वाचूनच घाम फुटतो.) अशा वेळी कॉर्टिसॉल शिगेला पोचतं ते ताण सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी, आणि ओसरायला त्याहून जास्त वेळ लागतो. ऑफिसातलं भांडण मिटलं तरी घरी पोचेपर्यंत माणूस धुमसत राहतो, त्यात याचाही हात असतो. तेवढा वेळ अंगाला द्यावाच लागतो. थोडं चालून यावं, आणि तावातावाने लिहिलेला मेसेज तूर्त पाठवू नये.

आणि श्वासाने कर्जाचा हप्ता भरला जात नाही. तो धडधड कमी करतो. ज्या फोनला, ज्या माणसाला आपण टाळतोय त्याला सामोरं जायचं राहतंच. टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणूनच भीती पुढच्या वेळी जास्त घट्ट बसते. छातीत दुखत असेल तर श्वासाचे प्रयोग न करता आधी डॉक्टर गाठावा. काळजीने आठवडेच्या आठवडे झोप आणि काम बिघडलं असेल, तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. कॉल मोफत आहे आणि मराठीतूनही बोलता येतं.