पत्र आलं, नाव कमी झालं

डेन्मार्कच्या दोन जिल्ह्यांमध्ये २००५ च्या नोव्हेंबरपासून पुढचे पाच महिने, नव्याने बेकार झालेल्या माणसाच्या वाट्याला काय येणार हे त्याच्या जन्मतारखेवर ठरत होतं. कुंडलीचा यात काही संबंध नाही. महिन्याच्या १ ते १५ तारखेला जन्मलेल्या भत्तेकऱ्याच्या, म्हणजे सरकारी बेकारभत्ता घेणाऱ्याच्या, घरी थोड्याच दिवसांत पत्र जायचं: पाचव्या-सहाव्या आठवड्यात नोकरी कशी शोधावी याचा दोन आठवड्यांचा वर्ग करावा लागेल, मग वरचेवर अधिकाऱ्यासमोर हजेरी, आणि तरीही काम लागलं नाही तर चार महिन्यांच्या आत किमान तीन महिन्यांसाठी नेमून दिलेल्या कामावर किंवा प्रशिक्षणाला रुजू व्हायचं. हे सगळं सक्तीचं. १६ तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मात्र नेहमीचीच, सैल पद्धत.

जन्मतारीखच का? कारण बाकी कोणतीही निवड खोट काढायला जागा ठेवते. अधिकाऱ्याने माणसं निवडली तर तो हुशार आणि धडपडी निवडेल, किंवा उलट सगळ्यांत अवघड प्रकरणं त्या योजनेत ढकलेल. लोकांनी स्वतःहून नावं दिली तर ज्यांना नोकरीची निकड जास्त तेच पुढे येतील. पण ९ तारखेला जन्मलेला माणूस २३ तारखेला जन्मलेल्यापेक्षा आळशी किंवा उद्योगी असण्याचं काही कारण नाही. म्हणजे पुढे दोन गटांत जो फरक दिसेल तो योजनेचाच.

फरक दिसला. नेहमीच्या गटातली निम्मी माणसं भत्त्यावरून बाहेर पडायला १४ आठवडे लागले, पत्र मिळालेल्या गटातली निम्मी साडेअकरा आठवड्यांतच बाहेर पडली. ब्रायन ग्रॅव्हर्सन आणि यान फान आवर्स या अर्थशास्त्रज्ञांनी हे आकडे मांडले, आणि नंतर त्यांनी आणखी एक खोचक प्रश्न विचारला: यातलं नेमकं काय लागू पडलं? वर्गात शिकवलेलं, की वर्गाला जावं लागण्याची कटकट? त्यांनी प्रत्येकाचं घर आणि वर्गाचं ठिकाण यांतलं अंतर पाहिलं. ज्यांना लांबून यावं लागणार होतं त्यांच्यावर योजनेचा परिणाम जास्त होता. शिकवणं उपयोगी पडत असतं तर घर लांब की जवळ याने काय बिघडणार होतं? लोकांना घाईने नोकरीकडे पळवत होता तो प्रवास.

असाच निष्कर्ष त्याआधी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात निघाला होता. तिथे १९९४ ते १९९६ या काळात संगणक प्रत्येक भत्तेकऱ्याला गुण द्यायचा: हा किती दिवस बेकार राहील याचा अंदाज. जास्त गुणांच्या लोकांना सक्तीच्या मार्गदर्शन सत्रांना बोलावलं जाई. जागा मर्यादित, म्हणून काठावर एकसारखे गुण असलेल्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड होई. ज्यांची निवड झाली त्यांनी सरासरी सव्वादोन आठवडे कमी भत्ता घेतला. गंमत अशी की त्यातला बराच परिणाम सत्रं सुरू होण्याआधीचा होता. बोलावण्याचं पत्र हातात पडलं आणि माणसं यादीतून गेली. सेवेपेक्षा सेवेची धमकी जास्त परिणामकारक, असा त्या संशोधनाचा रोख होता. या लोकांची पुढच्या वर्षातली कमाई वाढलीही, हे सांगितलं पाहिजे. म्हणजे त्यांना काम मिळण्याजोगं होतं, ते थोडे रेंगाळत होते, आणि पत्राने ते हलले. भत्ता मिळतो म्हणून माणसं काम शोधत नाहीत, हा भत्त्याविरुद्ध बोलणाऱ्यांचा संशय काही माणसांपुरता खरा असतो.

आता ब्रिटनकडे येऊ, कारण सक्तीच्या कामाचा सर्वांत गाजलेला वाद तिथे झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये बर्मिंगहॅममधल्या एका तरुणीला जॉब सेंटरने, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाने, दोन आठवड्यांसाठी पाउंडलँड या स्वस्त वस्तूंच्या दुकानात कामाला धाडलं. ती भूगर्भशास्त्राची पदवीधर होती, बेकारभत्त्यावर होती आणि संग्रहालयात नोकरी मिळवायची म्हणून एका संग्रहालयात बिनपगारी काम करून अनुभव जमवत होती. तो अनुभव सोडून ती दुकानात फळ्यांवर माल लावू लागली आणि झाडू मारू लागली. गेली नाही तर भत्ता बंद होईल, असं तिला सांगण्यात आलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की सरकारने योजनांचं पुरेसं वर्णन नियमांत केलेलंच नाही, त्यामुळे ते नियम बेकायदा. मग रोखलेला भत्ता परत करावा लागला असता, साधारण १३ कोटी पौंड. सरकारने मार्चमध्ये घाईघाईने पूर्वलक्षी कायदा करून तो खर्च टाळला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नियम अवैधच ठरवले, मात्र ही वेठबिगारी आहे हा दावा मान्य केला नाही.

याच काळात ‘मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटी’ (सक्तीचं काम) नावाची आणखी एक योजना चालू होती: आठवड्याला ३० तासांपर्यंत, चार आठवडे, लोकोपयोगी काम. पंचवीस वर्षांवरच्या एकट्या माणसाचा भत्ता २०१२ साली आठवड्याला ७१ पौंड होता. ३० तासांनी भागलं तर तासाला सुमारे २ पौंड ३७ पेन्स पडतात, आणि त्या वेळचं किमान वेतन ६ पौंड ८ पेन्स होतं. समर्थक म्हणत, ही मजुरी नाहीच, हा सराव आहे. सकाळी उठायची सवय लागते, हाताला वळण लागतं. ठीक. मग सवय लागून नोकऱ्या लागल्या का?

हे खुद्द सरकारी खात्याच्याच अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं आणि जून २०१२ मध्ये अहवाल आला. योजनेत पाठवलेल्यांची त्यांच्यासारख्याच, पण न पाठवलेल्या लोकांशी तुलना केली. पाठवणी झाल्यावर भत्त्यावरच्यांची संख्या थोडी घटली, पण तो फरक लवकरच विरला. पहिल्या २१ आठवड्यांचा हिशेब मांडला तर माणशी सरासरी चार दिवसांचा भत्ता वाचला होता. नोकरी लागण्याच्या शक्यतेवर परिणाम: काही नाही. उलट काहीजण बेकारभत्ता सोडून आजारपणाच्या भत्त्याकडे वळले होते. इतका स्वच्छ निकाल हातात असताना सरकारने त्याच सुमारास योजनेला जादा निधी जाहीर केला. संशोधन पुढे आणि धोरण मागे हे नेहमीचंच, पण इथे दोन्ही एकाच इमारतीतून बाहेर पडली होती. ती योजना बंद करण्याचा निर्णय २०१५ च्या शेवटी झाला.

हा अहवाल वाचताना एक गोष्ट सोडता कामा नये. यादीतून नाव कमी होणं आणि नोकरी लागणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि सरकारी आकडेवारीत पहिली मोजायला फार सोपी असते. नाव गेलं म्हणजे माणूस कामाला लागला असेल. किंवा आईबापांकडे राहायला गेला असेल, आजारी म्हणून नोंदला गेला असेल, उधारीवर जगत असेल, नाहीतर कागदपत्रांना कंटाळला असेल. मंत्र्याच्या भाषणात हे सगळे ‘यशस्वी’ असतात.

डेन्मार्कमध्ये जे चाललं ते ब्रिटनमध्ये का चाललं नाही? माझ्या मते मुख्य कारण बाजारात आहे. डेन्मार्कमध्ये तेव्हा कामं भरपूर होती आणि योजना नुकत्याच बेकार झालेल्यांसाठी होती. ब्रिटनमध्ये बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास होती. शिवाय सक्तीच्या कामात एक अडचण मुळातच असते: आठवड्याचे ३० तास फळ्यांवर माल लावण्यात गेले तर अर्ज कधी करायचे आणि मुलाखतीला कधी जायचं? तेवढा काळ माणूस बाजाराबाहेर अडकून पडतो. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूव्ह आणि आंद्रेआ वेबर यांनी जगभरातल्या दोनशेहून अधिक मूल्यमापनांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा सरकारने निर्माण केलेल्या तात्पुरत्या कामांचा पुढच्या नोकरीवर परिणाम नगण्य किंवा उलटाच दिसला. प्रशिक्षणाचा परिणाम सुरुवातीला दिसत नाही, पण दोन-तीन वर्षांनी दिसतो. अर्थातच तोवर निवडणूक होऊन गेलेली असते.

फ्रान्समधल्या एका प्रयोगाने याहून अवघड मुद्दा काढला. एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ भागांमध्ये शिकलेल्या बेकार तरुणांना नोकरी शोधायला मदत देण्याचा प्रयोग केला. कुठे कोणालाच नाही, कुठे चौथ्या हिश्श्याला, कुठे निम्म्यांना, कुठे सगळ्यांना. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या लवकर लागल्या. पण त्याच भागात मदत न मिळालेल्यांच्या संधी घटल्या, विशेषतः जिथे कामं आधीच कमी होती तिथे. संगीत खुर्चीत एखाद्याला पळायचं तंत्र शिकवलं म्हणून खुर्च्या वाढत नाहीत. दोन गटांची साधी तुलना हे लपवते, कारण त्यात हरणारा माणूस तुलनेच्या गटातच बसलेला असतो.

काम हे माणूस घडवण्याऐवजी माणूस पारखण्यासाठी वापरायचं, ही कल्पना मात्र खूप जुनी आहे. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्यात मदत मुद्दाम अशी ठेवली होती की सगळ्यांत हलाखीच्या मजुराचं जिणंही तिच्यापेक्षा बरं वाटावं. मग खरा गरजूच येईल. हीच कसोटी आपल्याकडे दुष्काळात आली. १८७७ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. वर अंतराचीही कसोटी: घराजवळ काम न देता लांबच्या कामावर पाठवायचं, जो एवढं चालून येईल तो खरा उपाशी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या मंडळींनी, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. डेन्मार्कच्या अर्थशास्त्रज्ञांना आकड्यांत सापडलेला अंतराचा परिणाम टेंपल साहेबांना आकड्यांशिवायच ठाऊक होता. फरक इतकाच की डेन्मार्कमध्ये लांब राहणारा माणूस नोकरीकडे वळला. १८७७ मध्ये वळायला दुसरीकडे काही नव्हतं.

या कसोटीचं गणित टिमथी बेस्ली आणि स्टीफन कोट यांनी १९९२ मध्ये मांडलं. मदत कोणाला द्यावी हे सरकारला नीट कळत नसेल, तर कष्टाची अट घातल्याने ज्यांच्याकडे बरं काम आहे ते आपोआप गळतात. ते गणित बरोबर आहे, पण त्यात एक अट दडलेली आहे: त्या कष्टात गरीब माणसाचा वेळ फुकट जाता कामा नये. महाराष्ट्राच्या रोजगार हमीने हे गणित बाहेरून तसंच ठेवून आतून उलटवलं. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला सुरू केलेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळातून, सुकडी आणि खडीच्या आठवणींतून, १९७७ च्या कायद्यापर्यंत पोचला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मजुरी कमी, काम अंगमेहनतीचं, म्हणजे कसोटी तीच. पण काम मागायचा हक्क मजुराचा आणि देण्याची सक्ती सरकारवर. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी सोलापूरच्या शिरापूर आणि अकोल्याच्या कानझरा या दोन गावांत तपासलं की रोहयोच्या कामावर नसते तर हे लोक काय करत असते. उत्तर असं की सोडलेली दुसरी कमाई मिळालेल्या मजुरीच्या मानाने थोडी होती. म्हणजे वेळ फार वाया जात नव्हता. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यात अंतराची कसोटीही उलटली: पाच किलोमीटरबाहेर काम दिलं तर दहा टक्के जादा मजुरी, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता. मस्टर वेळेवर निघतं का आणि मजुरी खात्यात कधी पडते, ही रडगाणी वेगळी.

व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल या वस्तीत हा सगळा हिशेब अलीकडे पुन्हा मांडला गेला. तिथली कापडगिरणी महामंदीच्या सुरुवातीला बंद पडली तेव्हा मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी बेकारीचा पहिला मोठा सामाजिक अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी घड्याळ लावून लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रस्त्याने रेंगाळत चालत होते. काम पैशांखेरीज बरंच काही देतं, दिवसाला आकार, माणसांत वावर, आपण कोणीतरी आहोत ही जाणीव, असं याहोडाने पुढे मांडलं. सक्तीच्या कामाचे समर्थक आजही हाच दाखला देतात.

ऑस्ट्रियाच्या रोजगार सेवेने त्याच वस्तीच्या गावात २०२० च्या ऑक्टोबरपासून दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी दिली. आधी काही आठवडे तयारी, मग करारानुसार पूर्ण वेतनाचं काम. नको असेल तर नको, भत्ता चालू. मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेनर यांनी चिठ्ठीने दोन तुकड्या पाडल्या, एक आधी कामावर आणि दुसरी नंतर, म्हणजे तुलना करता येईल. जवळजवळ सगळ्यांनी काम घेतलं, सक्ती नसताना. उत्पन्न, दिवसाची घडी, लोकांतलं स्थान, सगळं सुधारलं. शारीरिक आरोग्यात मात्र फरक आढळला नाही. आणि दुसऱ्या तुकडीत, जिचं काम अजून सुरूच व्हायचं होतं, त्या माणसांनाही आधीच बरं वाटू लागल्याचं नोंदलं गेलं. केंटकीप्रमाणे इथेही परिणाम कामाच्या आधीच सुरू झाला होता. फक्त इथे लोक यादी सोडून पळत नव्हते, आपली पाळी कधी येते याची वाट बघत होते.