दहाचा ठोका आणि वर्षातले पंधरा दिवस

मुंबईत गणपतीचा मांडव घालायचा तर परवानगी महापालिकेची. त्याच मांडवात स्पीकर लावायचा तर परवाना पोलीस ठाण्याचा. स्पीकरचा आवाज किती असावा हे ठरवलं दिल्लीतल्या पर्यावरण मंत्रालयाने, आणि सणाच्या रात्री तो बारापर्यंत वाजू द्यायचा की नाही हे ठरवणार राज्य सरकार. न्यूयॉर्कने १९७२ सालीच आवाजासाठी शहराची स्वतःची संहिता केली. मुंबईचा आवाजाचा कायदा मात्र मुंबईने केलेलाच नाही. तो तिच्यावर थरावर थर चढत आला, आणि सगळ्यात खालचा थर पोलिसांचा आहे.

त्याचं कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सापडतं. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुढच्या वर्षी पुण्यात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीसमोरून मेळा वाजतगाजत गेला आणि तिथे मारामारी पेटली. ‘मशिदीपुढची वाद्ये’ हा त्या काळातला सरकारी फायलींचा कायमचा मथळा. रात्री कुणाची झोप मोडते, आजाऱ्याला त्रास होतो का, हा प्रश्न त्या फायलींत जवळजवळ नाहीच. कोण, कुणाच्या दारापुढे, केव्हा वाजवतं एवढंच सरकारला पाहायचं होतं. आवाज म्हणजे दंग्याची पूर्वसूचना, म्हणून त्याची लगाम पोलिसांच्या हाती.

१९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्याची जागा १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने घेतली (आता तो महाराष्ट्र पोलीस कायदा आहे), तरी हा विचार तसाच राहिला. कलम ३३ ने रस्त्यावरच्या वाद्यांचे, मिरवणुकांचे नियम करायचा अधिकार दिला. कलम ३८ थोडं पुढे गेलं. आजूबाजूला राहणाऱ्यांना उपद्रव होतो असं वाटलं तर पोलीस आयुक्त लेखी हुकूम काढून एखाद्या जागेतलं गाणं, वाजवणं, इतकंच काय पण गोंगाट करणारा धंदासुद्धा थांबवू शकतात. वाचायला कलम भक्कम आहे. अडचण एवढीच की त्यात एकही आकडा नाही. त्रास झाला की नाही हे अधिकाऱ्याच्या कानावर, आणि मंडळाचा अध्यक्ष कोण आहे यावरही, अवलंबून. दुसरी वाट भारतीय दंड संहितेतल्या सार्वजनिक उपद्रवाची. तिथे कलम २९० खाली कमाल दंड २०० रुपये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो १,००० रुपये झाला. एका रात्रीच्या साउंड सिस्टिमच्या भाड्यापुढे दोन्ही रकमा सारख्याच.

आकडा आला तो प्रदूषणाच्या दाराने. १९८१ चा हवा प्रदूषणाचा कायदा १९८७ साली दुरुस्त झाला आणि ‘हवा प्रदूषक’ या शब्दाच्या व्याख्येत आवाज बसवला गेला. धूर आणि ढोल कायद्याच्या एकाच ओळीत आले. १९८९ मध्ये डेसिबलच्या मर्यादा ठरल्या आणि १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम निघाले. आज ज्याला आपण ‘दहाचा नियम’ म्हणतो तो याच नियमांतला: सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस, बाकीची रात्र, आणि रात्री उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हे आकडे वाचताना फसायला होतं, कारण डेसिबलची पट्टी साधी नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ५५ ऐवजी ७५ झाले म्हणजे वीस जास्त नव्हे, शंभरपट.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल हे या नियमांचं खरं बळ. त्या याचिकेमागची घटना दिल्लीची होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला, आणि शेजारी मोठ्याने लावलेल्या गाण्यांत तिच्या हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. सरन्यायाधीश लाहोटी यांच्या खंडपीठाने त्या निकालात आवाज न ऐकण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. बोलण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याला सक्तीने ऐकवण्याचा नाही, असा त्याचा रोख होता. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज आसपासच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागात रात्री हॉर्नही बंद आणि फटाकेही.

इतकं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण नियम घट्ट झाला की त्यात एक खिडकी उघडायची, ही आपल्याकडची रीत. ऑक्टोबर २००२ मध्येच केंद्राने दुरुस्ती करून राज्यांना मुभा दिली होती: सांस्कृतिक वा धार्मिक सणासाठी वर्षातल्या १५ दिवसांपर्यंत ध्वनिक्षेपक रात्री १२ पर्यंत चालू शकतील. ऑक्टोबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा वैध ठरवली, मात्र ती राज्य सरकारनेच वापरावी, खाली कुणाला सोपवू नये, असं बजावलं. तेव्हापासून हे पंधरा दिवस म्हणजे राजकीय अंदाजपत्रकच. शिवजयंती, आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, ईद-ए-मिलाद, गणपती, नवरात्र, दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर. एखाद्या सणाला एक रात्र वाढवायची तर दुसऱ्याची कापावी लागते, आणि कापायला कोणी तयार नसतं. गणपतीतला एक दिवस वाढवून द्या ही मागणी दर पावसाळ्यात येते. आवाज किती त्रासदायक आहे यापेक्षा कुणाला किती रात्री मिळाल्या याचा हिशेब मोठा होऊन बसला.

दुसरी खिडकी शांतता क्षेत्राची. तिची कथा जास्त गुंतागुंतीची आहे.

रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर म्हणजे शांतता क्षेत्र, ही नियमातली तेव्हाची व्याख्या. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात हा नियम अक्षरशः लावला तर मोकळं काय उरतं? म्हणून बराच काळ तो कागदावरच होता. २००३ मध्ये डॉ. यशवंत ओक, सुमैरा अब्दुलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात याचिका केली. अब्दुलालींनी पुढे २००६ मध्ये आवाज फाउंडेशन काढलं, आणि विसर्जनाच्या रात्री डेसिबल मीटर घेऊन फिरणारी माणसं शहराला दिसू लागली. न्यायालयाच्या रेट्याने शांतता क्षेत्रांच्या याद्या झाल्या, फलक लागले, मुंबईतली संख्या दीड हजारावर गेली. मे २०१० मध्ये तर दादरचं शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरलं. जिथे दसरा मेळावा होतो आणि जिथे सभा घेतल्याशिवाय राजकारणातला माणूस मोठा होत नाही, तेच मैदान! मग अपवादाच्या दिवसांसाठी अर्ज-विनंत्यांचा क्रम सुरू झाला.

१६ ऑगस्ट २०१६ रोजी ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. ए. ए. सय्यद यांनी सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक लावणं हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही, मग धर्म कोणताही असो. १०० मीटरचं क्षेत्र आपोआप शांतता क्षेत्र असतं, वेगळ्या घोषणेची वाट पाहायची नाही.

वर्ष पुरं व्हायच्या आतच, १० ऑगस्ट २०१७ ला, केंद्राने नियमच बदलला: राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र नाही. राज्याचे महाधिवक्ता न्यायालयात म्हणाले की म्हणजे आज राज्यात एकही शांतता क्षेत्र नाही. गणेश चतुर्थी दारात होती. त्यातच राज्य सरकारने न्या. ओक यांच्यावरच पक्षपाताचा आरोप करून प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे मागितलं. मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी ते आधी काढून घेतलं, वकिलांत संताप उसळल्यावर निर्णय फिरवला आणि तीन न्यायमूर्तींचं पूर्णपीठ नेमलं, त्यात ओक होतेच. सरकारला माफी मागावी लागली. १ सप्टेंबरला पूर्णपीठाने केंद्राच्या दुरुस्तीला स्थगिती दिली. ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीलाच स्थगिती दिली. ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. यापुढे वेगळं काही लिहायची गरज नाही. नंतर मुंबईत अधिसूचित झालेली शांतता क्षेत्रं ११० होती.

या सगळ्या काळात आवाजाचं यंत्रही बदललं. कर्णा आणि ढोलताशाच्या जागी स्पीकरची भिंत आली, जिला आपल्याकडे सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. हे नाव अमेरिकी अभियंते रे डॉल्बी यांचं. १९६० च्या दशकात त्यांचं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करणाऱ्या तंत्रामुळे! सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. तरी एक तांत्रिक फट राहतेच. नियमातले डेसिबल ‘ए’ भाराचे, म्हणजे माणसाच्या कानाला बेताच्या आवाजात जसं ऐकू येतं तसे मोजलेले. त्या मोजणीत ५० हर्ट्झच्या आसपासचा खोल नाद सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. खिडकीची तावदानं ज्या बासने थरथरतात, छातीत ज्याचा ठोका बसतो, तोच मीटरवर सगळ्यात कमी उमटतो. तक्रारदार म्हणतो घर हललं, पंचनामा सांगतो वाढ थोडीच.

अलीकडचा एक थर जानेवारी २०२५ चा. कुर्ल्याच्या नेहरूनगर आणि चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांनी ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असं पुन्हा सांगितलं. पोलिसांना पायऱ्या आखून दिल्या: पहिल्या तक्रारीला समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा यंत्र जप्त आणि परवाना रद्द. तक्रार करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळू द्यायचं नाही, कारण कुठल्याही वस्तीत दहानंतर फोन उचलायला लोक कचरतात ते याच भीतीने. आणि राज्य सरकारने प्रार्थनास्थळांच्या ध्वनिक्षेपकांत आवाजाची कमाल मर्यादा यंत्रातच पक्की करून घेण्याचा विचार करावा. १८९४ मध्ये जे काम फौजदाराच्या छडीकडे होतं, ते आता अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात बसवायचं आहे. डब्याला बसवलेलं सील तपासायला जाणार मात्र पुन्हा पोलीस ठाण्यातलाच शिपाई.