धुक्यात अप्पर लावू नका
कोकणात बर्फ पडत नाही, पण थंडीतल्या पहाटे महाडला सावित्रीच्या, चिपळूणला वाशिष्ठीच्या खोऱ्यात महामार्गावर धुकं उतरतं. अशा वेळी अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा लांब झोत, लावला की लांबचं दिसतं, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. घडतं नेमकं उलट. धुकं म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. अप्परचा झोत त्यांच्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर या. फॉगलॅम्प खाली बसवलेला असतो तो याचसाठी, की उजेड रस्त्यालगत पसरावा.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवयही कृपा करून सोडा. तुम्ही वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळतच नाही. आतून काच धुरकटली तर एसीची हवा काचेवर सोडा. एसी दमटपणा ओढून घेतो.