टॅपेट वाजतंय की नोझल?

जुन्या जेसीबीचं इंजिन टकटक करायला लागलं की आमच्याकडे गोव्यात डिचोली-साखळीच्या बाजूला निकाल ठरलेला असतो, टॅपेट वाजतंय, आवळून टाक. म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातला गॅप स्क्रू आवळून कमी कर. ऑपरेटर तेच सांगतो, मालक तेच सांगतो, आणि सहज बघायला आलेला मालकाचा मावसभाऊ पण तेच सांगतो. मग आवळून आवाज गेला नाही की अजून थोडं आवळतात आणि खरी वाट इथेच लागते, कारण बऱ्याचदा वाजत असतं नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल मारणारा भाग.

गोंधळ होतो त्यात नवल नाही म्हणा. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरली की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि प्रत्येक नोझल पण एकदाच डिझेल मारतं, म्हणजे दोघांचा ठेका एकच, रेस दिली की दोघं बरोबरीनेच फास्ट होणार. टॅपेटचा आवाज बारीक असतो, वरच्या कव्हरखालून येतो, आयडलला नीट ऐकू येतो. नोझलचा ठोका जड, आणि बकेट चिऱ्यात घुसवून इंजिनवर लोड आणला की तो बदलतो, सोबत बहुतेक वेळा काळा नाहीतर पांढरा धूर पण असतो. पण नुसत्या कानावर माझा भरवसा नाही.

त्यापेक्षा सरळ टेस्ट करायची. इंजिन आयडलला ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट थोडासा ढिला करायचा, डिझेल बाहेर यायला लागलं की तो सिलिंडर बंद पडतो, आणि त्याच वेळी ठोका पण गेला किंवा खूप कमी झाला तर दोष बहुतेक त्या सिलिंडरच्या नोझलकडे. इंजिन लंगडलं पण टकटक तशीच राहिली तर मग टॅपेट कव्हर उघडा. डिझेल प्रचंड प्रेशरने येतं, कातडीत घुसलं तर हात जायची वेळ येते, म्हणून चष्मा घाला, नटभोवती आधीच फडकं गुंडाळा आणि बोट अजिबात समोर नको.

आता वाजणारं टॅपेट म्हणजे गॅप जास्त झालाय, रॉकर किंवा त्याला खालून ढकलणाऱ्या पुश रॉडचं टोक झिजलंय. ते वाजतं, थोडी पॉवर खातं, पण निदान कळतं तरी. टाईट झालेला व्हॉल्व्ह गप्प असतो, आणि तो जास्त वाईट. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो, गॅप संपतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, कॉम्प्रेशन गळतं, सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. नोझलच्या आवाजासाठी टॅपेट आवळत बसलात तर हेच दुखणं आपल्या हाताने आणलं.

सेटिंग करायचंच असेल तर फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्त्या, पाहिजे, अंदाजपंचे नको, आणि माप आपल्या इंजिनच्या पुस्तकातलंच घ्या. जुन्या पर्किन्स ४.२३६ इंजिनला थंड असताना दोन्ही व्हॉल्व्हना ०.३० मिमी आहे, तर नंतरच्या १००४ ला इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.४५. दोन्ही पर्किन्सच, तरी एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, त्यामुळे ४ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतात, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा १ नंबर सेट करायचा. २ हलताना ३, १ हलताना ४, ३ हलताना २. पत्ती किंचित अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, त्यामुळे तो स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा आणि आवळल्यावर पत्ती परत एकदा घालून बघा, घाईत हेच राहून जातं.